घरच्यांचा वर्ग पलीकडे

आधीच सांगून ठेवते. या लिखाणाच्या शेवटी मी ठणठणीत बरी होऊन योगासनांचे वर्ग काढत नाही. तशी अपेक्षा असेल तर आपला वेळ वाचवावा. पुण्यातल्या एका मध्यमवयीन, मध्यमवर्गीय, संकष्टी धरणाऱ्या बाईला दारूचा आजार झाला, त्याची ही हकीकत आहे. अशा बायका नसतात असं मलाही वाटायचं. मी स्वतः तशी झाल्यावरसुद्धा बरेच दिवस वाटत होतं.

घर बिबवेवाडीत. माणसं दोन. मुलगी ऋचा बंगलोरला, संगणकात. नवरा विद्याधर बँकेतून व्हीआरएस घेऊन घरी बसलेला. बोलताना मी त्याला 'अहो' म्हणते. इथं 'तो' म्हणणार आहे. लिहिताना तरी एका पातळीवर यावं. विद्याधर सुपारीसुद्धा खात नाही. सोडा प्यायला तर त्याला ढेकर येतात. भिडस्त इतका, की दारावर आलेल्या विक्रेत्याला 'नको' म्हणता येत नाही म्हणून आमच्याकडे दोन व्हॅक्यूम क्लीनर आहेत, आणि झाडलोट केरसुणीनंच होते.

मी आधी भोसरीच्या एका कारखान्यात साहेबांची स्टेनो होते. कारखाना बंद पडला, साहेब गेले, शॉर्टहँडही गेलं. चाळिशीत संगणक शिकून खराडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत ॲडमिनला लागले. तिथली पोरं मला तोंडावर 'मॅम' म्हणायची आणि पाठीमागं 'काकू'. परदेशी पाहुणे आले की पार्टीची व्यवस्था माझ्याकडे. चव कळल्याशिवाय व्यवस्था कशी बघणार, या कर्तव्यभावनेतून पहिला ग्लास झाला. त्यापुढचे ग्लास कर्तव्यभावनेतले नव्हते.

पार्टीतली वाईन घरी व्होडका झाली, कारण तिला वास कमी. दुकानात जायची अडचण पुण्यानंच सोडवली. इथं बायका दुचाकीवर तोंडाला स्कार्फ गुंडाळतात, वर गॉगल, हातात लांब मोजे. लोक चेष्टा करतात. मला मात्र त्या पद्धतीचा फार आधार झाला. तशा वेषातली बाई कुणाचीही बायको असू शकते. दुकानदारानं मला चेहऱ्यानं कधीच ओळखलं नाही. गाडीच्या हॉर्नवरून ओळखायला लागला आणि मी गेटशी आले की बाटली काढून ठेवायचा.

कावीळ

ऑफिसात हात धुताना आरशात बघितलं तर डोळे हळदीच्या हातासारखे. दोन दिवसांनी लिफ्टमध्ये चक्कर येऊन पडले. विद्याधर खराडीपर्यंत रिक्षानं आला आणि मला स्वारगेटजवळच्या एका रुग्णालयात घेऊन गेला.

डॉक्टर तरुण मुलगी होती. रिपोर्ट बघून तिनं चष्म्यावरून विद्याधरकडे पाहिलं.

"तुम्ही घेता का?"

"मी?" तो म्हणाला. "पेशंट ही आहे."

"हो, हो. सहज विचारलं. बरं, तुम्ही जरा बाहेर बसता?"

तो गेल्यावर तिनं मला विचारलं, "किती?"

"कधीतरी. ऑफिसची पार्टी असली तर. वाईन."

"काकू, मी तुमच्या लिव्हरला आधीच विचारलंय. ते वेगळं सांगतंय."

तिनं फाईल मिटली. "आता बंद केलीत तर ते सावरेल. नाही केलीत तर पुढच्या खेपेला माझ्याकडे बोलण्यासारखं काही नसेल. घरी मी सांगू की तुम्ही सांगाल?"

"मी सांगते," मी म्हटलं, आणि बाहेर जाऊन सांगितलं की बाहेरचं पाणी बाधलं.

पुण्यात पाण्याची कावीळ म्हटलं की काम भागतं. नणंदेनं काविळीचं खात्रीचं औषध पाठवलं. शेजारच्यांनी उसाचा रस आणला. विद्याधर रोज मुळा किसून घेऊन यायचा आणि मी खाईपर्यंत समोर बसायचा.

मुळ्यावर भागणारं ते दुखणं नव्हतं. दारू एकदम बंद झाल्यावर शरीर जे करतं ते त्या वॉर्डात माझ्या शरीरानं केलं. हात इतके थरथरायचे की चहाचा कप सिस्टरनं धरायचा. सलाईनच्या नळीतून मुंग्या उतरताना दिसायच्या. मी त्यांना हाकलायचे आणि पलीकडच्या खाटेवरच्या आजी देवाचं नाव घ्यायच्या. सिस्टर दिवसातून दोनदा विचारायची, "काकू, आज वार कोणता?" मी वार बरोबर सांगायचे आणि वर, ऑफिसात असल्यासारखी, "अमेरिकेचा फोन लावून द्या" म्हणायचे. तापात बडबडतेय, असं विद्याधर सगळ्यांना सांगायचा.

घरी जाताना डॉक्टर हळूच म्हणाली, "गोळ्यांनी पुढचं होत नाही. असे लोक एकत्र बसतात, त्यांचा गट शोधा. एकटीनं जमेल असं वाटेल. नाही जमत."

एकटीनं जमेल असंच मला वाटलं. अंगातला पिवळेपणा जायच्या आत मी पुन्हा स्कार्फ बांधून त्या दुकानाच्या दारात उभी होते. हे वाचताना तुम्हाला चीड आली असेल. मला आली नव्हती. सुटल्यासारखं वाटलं होतं. हा आजार असा आहे.

जाहिरातीखाली

गट शोधायचा कसा? ऑफिसात साऱ्या जगाचं इंटरनेट हाताशी. खोलीचं दार लावून शोधलं तर अमेरिकेतल्या गावांची यादी आली. एका गावात तर रोज सकाळी, दुपारी, संध्याकाळी बैठका, आणि जवळच गाड्या लावायला जागा. मी ते गाव बराच वेळ बघत बसले. तिथं मला कुणी ओळखत नव्हतं.

आमचा गट सापडला तो स्वारगेटच्या भिंतीवर. मूळव्याधीच्या जाहिरातीखाली एक लहानसा कागद होता: 'दारू सुटत नाही? आम्हालाही सुटत नव्हती.' खाली फोन नंबर. मी स्कार्फमधून तो पाठ करत उभी राहिले. ओळखीचं कुणी आलं असतं तर मूळव्याध आहे म्हणून सांगायची तयारी होती.

फोन अण्णा नावाच्या गृहस्थांनी घेतला. आवाज निवृत्त मास्तरांचा.

"बोला ताई. मिस्टरांसाठी का?"

मी काय बोलणार होते ते आजही मला माहीत नाही. त्यांनी वाक्य तयारच करून दिलं होतं. मी म्हटलं, "हो."

"यायला तयार नसतील ते."

"नाही ना."

"कुणीच नसतो. तुम्ही या. गुरुवारी संध्याकाळी."

जागा म्हणजे महापालिकेच्या शाळेतले दोन वर्ग. मी गेले तेव्हा दारात पाच-सहा पुरुष उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि अदबीनं वाट दिली. एकानं तर हातातली बिडी टाकली.

"घरच्यांचा वर्ग पलीकडे आहे, ताई," तो म्हणाला.

मी पलीकडे गेले.

माझा दारुडा नवरा

पलीकडे तिसरीची बाकं होती. त्यावर आम्ही बायका गुडघे पोटाशी घेऊन बसायचो. फळ्यावर सुविचार, 'नेहमी खरे बोलावे', आणि हजर मुलांचा आकडा. दोन वर्गांच्या मध्ये घडीचा लाकडी पडदा होता. तिकडे पिणारे, इकडे आम्ही, म्हणजे त्यांची माणसं.

माझी पाळी आली तेव्हा मी नवऱ्याबद्दल बोलायला लागले, आणि काय सांगू, सुरेख बोलले. तो सकाळी उठल्यावर आधी कुठं बघतो, आज प्यायची नाही असं ठरवलं की दुपारपर्यंत किती प्रेमळ होतो, मग कुठल्या तरी क्षुल्लक कारणावरून घरच्यांशी भांडण कसं काढतो, आणि त्या भांडणाचं निमित्त करून कसा पितो. बायका डोळे पुसत होत्या.

"तुमचं निरीक्षण फार बारीक आहे हो," शेजारची म्हणाली.

मंगलाताई म्हणून एक होत्या. यवतमाळकडच्या. नवरा इकडे कारखान्यात लागला म्हणून आलेल्या, आणि आता त्या चार घरी पोळ्या करून त्याला सांभाळत होत्या. त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं.

"मले एक सांगा ताई. मारते का तो तुमाले?"

"नाही हो. मारत नाही."

"मंग काय करते?"

"काही नाही. मुळा किसतो," असं माझ्या तोंडाशी आलं होतं. मी म्हटलं, "गप्प बसतो."

"गप्पवाले लय वाईट," त्या म्हणाल्या. "आमचा ताट फेकते. ताट फेकलं तं आवाज तरी येते."

मी दर गुरुवारी जायला लागले. विद्याधरला सांगितलं होतं की गीतेचा वर्ग आहे. त्या बाकावर बसलं की रडू यायचं, ते मात्र खरं असायचं. बायका पाठीवरून हात फिरवायच्या. मंगलाताई डब्यातून माझ्यासाठी पोळी-ठेचा आणायच्या, कारण 'नवऱ्याच्या काळजीनं' मी वाळत चालले होते. त्यांची पोळी खाऊन मी परतीच्या वाटेवर स्कार्फ बांधायचे आणि दुकानाकडे वळायचे.

मला तिथं जितकी माया मिळाली तितकी जन्मात कुठं मिळाली नव्हती, आणि ती दुसऱ्याच बाईच्या नावावर होती. हातांचा पिवळेपणा परत दिसायला लागला होता. डॉक्टरचे शब्द आठवायचे. ऋचाचा फोन संध्याकाळी कधीही यायचा. त्याची भीती वाटायची. मी मरणार आहे, हे मला कळत होतं. पण पलीकडच्या वर्गात जाऊन 'मी' म्हणण्यापेक्षा ते सोपं वाटत होतं. अतिशयोक्ती नाही करत. खरंच सोपं वाटत होतं.

रविवार

त्या गटात एक पद्धत आहे. पिणारा येत नसेल आणि घरच्यांनी सांगितलं, तर जुने दोघं जण त्याच्या घरी जातात. उपदेश करायचा नाही, आपलीच गोष्ट सांगायची. मंगलाताईंनी माझ्या वतीनं परस्पर सांगून टाकलं. मी 'नको, नको' म्हणाले होते.

"साऱ्याच बाया नको म्हणतात," त्या म्हणाल्या. "मी बी म्हणली होती."

रविवारी सकाळी बेल वाजली तेव्हा मी स्वयंपाकघरात होते आणि माझा सकाळचा घोट झाला होता. विद्याधरनं दार उघडलं.

"नमस्कार. मी अण्णा. हे दत्ताभाऊ. गटाकडून आलो. वहिनी बोलल्या असतील."

"या ना," विद्याधर म्हणाला. "चपला आत घ्या. बाहेर ठेवल्या तर कुत्रं नेतं."

मी ओट्याला टेकून उभी राहिले.

दत्ताभाऊ रिक्षा चालवायचे, कात्रजच्या पलीकडचे. "सायेब, आमी काय शिकवाय आलो नाय," ते म्हणाले. "मी सोता लई पिलोय. शाळंची पोरं रिक्षात घालून पिलोय. एक दिस पोरं शाळंत सोडायची इसरलो आन् थेट गुत्त्यावर नेली. मी आत, पोरं भायेर रिक्षात डबं खात बसली. त्यातली एक मला म्हंती, काका, ही कंची शाळा हाय?"

मग अण्णांनी विचारलं, "विद्याधर, तुम्ही घेता ना?"

आता हा सांगणार: अहो, मी सोडासुद्धा पीत नाही, आणि आमची ही तर गीतेच्या वर्गाला जाते. मग ते दोघं स्वयंपाकघराच्या दाराकडे बघणार. एका अर्थी सुटका होणार.

"हो," विद्याधर म्हणाला. "आहे तसं."

"गुरुवारी याल?"

"येतो."

मग तोच आत आला, माझ्याकडे न बघता चहा टाकला, आणि तीन कप घेऊन बाहेर गेला. मी ओट्यापाशीच. बाहेर जायला चार पावलं पुरली असती.

ते गेल्यावर मी म्हटलं, "अहो, हो कशाला म्हणालात?"

"एवढ्या लांबून आले होते."

"काहीतरी गैरसमज झालाय त्यांचा. म्हणजे मी तिथं..."

"असेल." त्यानं कप विसळले. "गीतेच्या वर्गातले लोक चांगले आहेत."

मी स्वतःची समजूत घातली. भिडस्त माणूस, व्हॅक्यूम क्लीनर घेतला तसा गट घेतला.

मधला पडदा

गुरुवारी आम्ही दोघं एका स्कूटरवरून गेलो. शाळेच्या व्हरांड्यात तो डावीकडे वळला, मी उजवीकडे. ज्याला सोड्यानं ढेकर येतात तो पिणाऱ्यांत जाऊन बसला, आणि मी पर्समध्ये वेलची घेऊन सोसणाऱ्यांत. बायकांनी माझं अभिनंदन केलं. मंगलाताईंनी तर गूळ आणला.

पहिले काही गुरुवार त्याची पाळी आली की तो फक्त "आज ऐकतो" म्हणायचा. पडद्यातून आवाज यायचा. पलीकडचं ऐकायचं नाही असा नियम होता आणि सगळ्या ऐकायच्या. एका गुरुवारी मंगलाताईंनी मला कोपर मारलं.

"ऐका ऐका. तुमचेवाले बोलून राहिले."

"मी विद्याधर," तो म्हणत होता. "मला बोलायची सवय नाही. मी सकाळी आंघोळीच्या आधी घेतो. आधी नळ सोडतो, म्हणजे झाकणाचा आवाज येत नाही. मग दात घासतो. मग वेलची. आमच्याकडे वेलची फार लागते."

पलीकडे दोघं-तिघं हसले. हसणं ओळखीचं होतं.

"संध्याकाळी देवापुढं दिवा लावतो. मग कंबर दुखते म्हणून रबरी पिशवी घेऊन पडतो. गरम पाण्याची. ती गरम नसते. घरातल्यांनी हात लावला तर कळेल. म्हणून घरातले हात लावत नाहीत."

त्या पिशवीतल्या व्होडकाबद्दल मी कुणाला सांगितलं नव्हतं. या बायकांनासुद्धा नाही. एवढी एकच गोष्ट मी माझ्या काल्पनिक नवऱ्यालाही दिली नव्हती. रोज ती पिशवी पोटाशी घेऊन मी त्याच्या शेजारी पडायचे, आणि तो कूस बदलताना अंतर ठेवून बदलायचा. मला वाटायचं, वय झालं.

"मुलीचा फोन आला की," विद्याधर पुढं म्हणाला, "घेण्याआधी दोन-तीनदा हॅलो म्हणून बघतो. जीभ वळते का ते. नाही वळली तर फोन वाजू देतो. मग ती मला घरच्या फोनवर विचारते, बाबा, आई फोन का घेत नाही?"

आमच्या वर्गातल्या दोघी पडद्याला कान लावायला सरकल्या.

"आई?" अण्णांचा आवाज आला. "म्हणजे, विद्याधर, तुमच्या...?"

मी विद्याधरला ओळखते. त्याला खोटं एकदा ठरवून बोलता येतं. ते सावरता येत नाही. तो आता बाकाच्या कडेला नखानं खरवडत बसला असणार.

मंगलाताई माझ्याकडे बघत होत्या. कपाळाला आठी घालून, कुठलं तरी गणित जुळवल्यासारख्या.

मी उठले. बाक लहान मुलांचं, गुडघा अडकला आणि बाक मोठ्यानं सरकलं. व्हरांड्यातून पलीकडच्या दारात गेले. सगळे पुरुष वळून बघायला लागले. सवयीनं एकजण म्हणायलाही लागला, "ताई, घरच्यांचा..."

"ते पीत नाहीत," मी म्हटलं. "मी पिते. यांना सोड्यानंसुद्धा ढेकर येतात."

कुणी हसलं नाही. गुत्त्यावर पोरं नेलेला माणूस तिथं होता, त्याहून भयंकर केलेली माणसं होती, आणि त्यांपैकी एकालाही कुठं बघावं ते कळेना. मग दत्ताभाऊ बाकावर सरकले. "बसा ताई," ते म्हणाले.

अण्णांनी घसा साफ केला. "विद्याधर, तुम्हाला बाहेर थांबावं लागेल. इथं फक्त पिणारे बसतात."

तो उठला, कापडी पिशवी खांद्याला लावली आणि माझ्या शेजारून गेला. आमची नजरानजर झाली नाही.

नवऱ्याच्या नावानं मी त्या पडद्यापलीकडे काय वक्तृत्व गाजवलं होतं! स्वतःच्या नावानं मला दीड वाक्य आलं. ते काय होतं तेही आठवत नाही.

नंतर

बाहेर मंगलाताई चप्पल घालत होत्या. मी जवळ गेले.

"आमी रडलो ना तुमच्यासाठी," त्या म्हणाल्या. "तुमच्या नवऱ्याले शिव्या देल्या आमी. त्या गरीब माणसाले."

मी काही बोलायच्या आत त्या निघून गेल्या. डबा पुन्हा कधी आला नाही. त्यांचं बरोबर होतं.

स्कूटरवर मी विचारलं, "कधीपासून माहीत होतं?"

"मी काय आंधळा आहे?"

"मग बोलला का नाहीत?"

सिग्नल सुटला. कोंढव्याच्या बस, रिक्षा, सगळे एकदम निघाले. त्या गोंगाटात तो म्हणाला, "वाटलं, तू सांगशील."

इथं गोष्ट संपायला हवी होती. संपली नाही. खरं बोललं की दारू सुटते असं मला वाटलं होतं. फळ्यावरच्या सुविचारावर पोसलेली बुद्धी. मी पुरुषांच्या वर्गात जाऊ लागले, ऐकू लागले, काही दिवस कोरडी राहिले, आणि पुन्हा प्यायले. पुन्हा गेले, पुन्हा प्यायले. दरवेळी दत्ताभाऊ सरकून जागा करायचे. काही विचारायचे नाहीत. त्यानं जास्तच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ज्यांना हे माहीत आहे त्यांना मी काय सांगू, आणि ज्यांना माहीत नाही त्यांना सांगून कळणार नाही. पण तुम्ही बाई असाल आणि एखाद्या भिंतीसमोर स्कार्फ बांधून उभ्या असाल, तर जा. चुकीच्या खोलीत बसावं लागलं तरी जा.

विद्याधर पलीकडच्या वर्गात बसू लागला. तिथला एकटा पुरुष. त्याच्यासाठी मंगलाताई बाक पुसून ठेवतात असं कळलं. तो तिथं काय बोलतो ते मी विचारत नाही. तो तिथं काय शिकतो, ते मात्र मला लवकरच कळलं.

फोन

एका सोमवारी मला उठता आलं नाही. आदल्या दिवशी रविवार होता, एवढंच कारण. ऑफिसात पाहुणे येणार होते. फोन वाजला आणि विद्याधरनं घेतला. माझी साहेब म्हणजे ऋचापेक्षा थोडीच मोठी मुलगी. तिचा आवाज पलंगापर्यंत येत होता.

"अंकल, मॅम आल्या नाहीत अजून, आज क्लायंट व्हिजिट आहे. एव्हरीथिंग ओके ना?"

आजवर अशा वेळी विद्याधरनं माझ्यासाठी ताप आणला होता, पोट बिघडवलं होतं, आणि माझ्या मावशीला दोनदा मारलं होतं. मी डोळे मिटून या वेळचं कारण ऐकायची वाट बघत होते.

त्यानं फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला.

"ओके नाही," तो म्हणाला. "ती प्यायली आहे... हो, दारू... नाही, पार्टी वगैरे नव्हती. असंच असतं."

त्यानं फोन ठेवला. त्या क्षणी मला त्याचा जितका द्वेष वाटला तितका कुणाचाच कधी वाटला नाही. कंपनीनं आधी काळजी घेतली आणि मग नोकरी घेतली. पण ते नंतर. तेव्हा फक्त तो खोलीच्या दारात उभा होता, आणि त्याचे हात थरथरत होते. माझ्यापेक्षा जास्त.

"मला आता जमत नाही गं," तो म्हणाला.

मी भिंतीकडे तोंड केलं. तशीच पडून म्हटलं, "ऋचाला तेवढं सांगू नका."

"मी नाही सांगणार. तू सांग."

सांगायला बरेच दिवस लागले. शेवटी एका दुपारी, शुद्धीत, मी तिला फोन केला आणि सगळं सांगितलं. नवऱ्याच्या नावानं नाही, काविळीच्या नावानं नाही. तिकडून काही आवाज येईना. मला वाटलं फोन कटला.

"ऋचा?"

"आई, मी मीटिंगमध्ये आहे," ती म्हणाली. "नंतर करते."

तो फोन अजून आलेला नाही. तिच्या बाबांना येतो; ती माझ्याबद्दल विचारत नाही, असं तो म्हणतो. कधी करेल ते सांगता येत नाही. सकाळी करेल, जेवताना करेल, संध्याकाळी दिवा लावताना करेल. म्हणून मी फोन चार्ज करून जवळ ठेवते, आणि स्वतःला कोरडी ठेवते. आला, तर घेता आला पाहिजे.